काचेत सुपरमॅन, सशाच्या पोटात ससा!

ओळख पाहू, ही कोण?

एक चौकोनी काच. तळहातावर मावेल एवढी. जाडी फक्त २ मिलिमीटर. तिला पाण्यात उकळलं. ओव्हनमध्ये भाजलं. मायक्रोवेव्हमध्ये फिरवलं. तारेच्या घासणीनं खसाखसा घासलं. एवढा छळ झाल्यावर आत डोकावून पाहिलं, तर काय? सुपरमॅन जसाच्या तसा! केसाचा भांगसुद्धा विस्कटलेला नाही!

थट्टा नाही हं. १९७८ सालचा अख्खा 'सुपरमॅन' सिनेमा त्या काचेत लिहून ठेवला होता. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ही करामत दाखवली.

आता तू म्हणशील, सिनेमा काचेत कशाला कोंबायचा? फोनमध्ये मावतो की!

मावतो. पण किती दिवस टिकतो? गंमत तिथेच आहे. चल, आधी फोनच्या पोटात शिरू.

तुझ्या वर्गात रोज हजेरी होते ना? बाई नाव घेतात. मूल हजर असेल तर एक खूण, नसेल तर दुसरी. बस्स, दोनच खुणा! कॉम्प्युटरचंही अगदी तस्संच. त्याला दोनच गोष्टी कळतात: १ आणि ०. हजर आणि गैरहजर. तुझा वाढदिवसाचा फोटो, आजीचा आवाज, क्रिकेटचा सामना, सगळं त्याच्या लेखी हजेरीचं एक लांबच लांब पान. १, ०, ०, १, १, ०... कोट्यवधी वेळा!

मग ही हजेरी मांडायची कशावर? इथून पुढे सगळी मजा याच एका प्रश्नाची.

कितीतरी वर्षं ती फिरत्या चकतीवर मांडली जाते आहे. तिचं नाव हार्ड डिस्क. चकतीवर अतिशय बारीक चुंबकं असतात. चुंबकाचं तोंड एकीकडे असेल तर १, दुसरीकडे असेल तर ०. आणि ही चकती फिरते किती जोरात? नेहमीच्या कॉम्प्युटरमधल्या कितीतरी चकत्या मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारतात. म्हणजे सेकंदाला १२०! तू 'फुगडी' म्हणेपर्यंत हिच्या शंभर फुगड्या झालेल्या असतात.

चकतीवरच्या खुणा वाचायला एक इवलीशी दांडी असते. तिचं टोक चकतीला टेकत नाही बरं का! ते वर तरंगतं. मधली फट इतकी लहान, की तुझ्या डोक्यावरचा एक केस तिच्यापुढे डोंगर ठरेल.

पहिली अशी डिस्क १९५६ मध्ये आयबीएम कंपनीनं अमेरिकेत बाजारात आणली. तिच्यात मोठ्या परातीएवढ्या ५० चकत्या होत्या! वजन सुमारे एक टन. आणि एवढ्या धुडात मावायचं काय? जेमतेम ५० लाख अक्षरं. आज फोननं काढलेला एखादा चांगला फोटोसुद्धा तिला जड गेला असता!

फोनमध्ये मात्र काहीच फिरत नाही. कानाला लावून बघ. घर्रर्र ऐकू येतं का? नाही ना? कारण आत फ्लॅश मेमरी आहे. जपानमधल्या तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात ती शोधली. तिच्यात असंख्य चिमुकल्या खोल्या असतात. विजेचे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, खोलीत कोंडले की एक खूण. सोडून दिले की दुसरी. फोन बंद केला तरी ते आत गपचूप बसून राहतात. म्हणून फोटो उडून जात नाहीत. यातलं सगळं एका झटक्यात पुसता येतं. ते पाहून मासुओकांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा लखलखाट आठवला, आणि नाव पडलं फ्लॅश!

मग अडचण कुठे आहे?

अडचण आहे टिकण्याची. फिरणारी चकती काही वर्षांनी थकते. कोंडलेले इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षांत हळूहळू पळ काढतात. 'माझे फोटो क्लाउडवर आहेत' असं घरातलं कुणी ना कुणी म्हणत असेल. क्लाउड म्हणजे ढग. पण वर आभाळात बघू नकोस, तिथे काही नाही! तो 'ढग' जमिनीवरच असतो. मोठमोठ्या इमारती, आत कपाटांच्या रांगा, आणि कपाटांत भरलेल्या डिस्क. त्यांना वीज लागते. थंड हवा लागते. आणि दर काही वर्षांनी जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवून काढावं लागतं. एकदा नाही. पुन्हा, पुन्हा, पुन्हा! वर्गपाठाची वही दरवर्षी पहिल्या पानापासून नव्यानं उतरवून काढायला सांगितली तर तुझा चेहरा कसा होईल?

आता जुन्नरजवळच्या नाणेघाटात चल. तिथल्या गुहेत सातवाहन राजांच्या काळचा लेख दगडात कोरलेला आहे. वय सुमारे २,००० वर्षं! त्याला ना वीज लागली, ना थंड हवा. पुन्हा पुन्हा उतरवूनही काढावा लागला नाही. पावसाळ्यांमागून पावसाळे गेले, लेख तिथेच आहे.

मग शास्त्रज्ञांनी विचार केला, दगडासारखं टिकाऊ पण डिस्कसारखं गच्च भरलेलं काही करता येईल का?

आता आपली काच आठव.

ती खिडकीची साधी काच नाही. ती क्वार्ट्झ काच, अतिशय शुद्ध. तिच्यावर काही लिहिलेलं नाही. तिच्या आत लिहिलेलं आहे! म्हणून तर तारेची घासणी हरली. लेसरचा किरण काचेच्या पोटात जाऊन नेमक्या जागी एक सूक्ष्म ठिपका उमटवतो. वरचा पापुद्रा जसाच्या तसा. एका थराखाली दुसरा थर, त्याखाली तिसरा. ठिपक्याचा आकार आणि तो कोणत्या दिशेला कललेला आहे, यात १ आणि ० दडलेले. वाचायला खास सूक्ष्मदर्शक लागतो.

हा लेसर सतत जळत नाही. तो लुकलुकतो. एकेक लुकलुक इतकी छोटी, की ती मोजायला सेकंद चालतच नाही. तिथे फेम्टोसेकंद लागतो. एक फेम्टोसेकंद म्हणजे केवढा? अंदाज कर! पापणी लवण्याएवढा? छे! एका सेकंदाला जर ३ कोटी वर्षांएवढं ताणलं, तर त्यात फेम्टोसेकंदाच्या वाट्याला येईल जेमतेम एक सेकंद! हे वाक्य पुन्हा एकदा वाच. माझंही डोकं दर वेळी गरगरतं.

इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठात पीटर कझान्स्की यांचा गट या लेखनात पटाईत आहे. त्यांची एक काच कुठे आहे ठाऊक आहे? अंतराळात! ६ फेब्रुवारी २०१८ रोजी फाल्कन हेवी नावाच्या रॉकेटनं एक लालचुटूक मोटारगाडी अंतराळात सोडली. त्या गाडीत नाण्यासारखी एक काचेची चकती ठेवलेली आहे. तिच्यात आयझॅक असिमोव्ह यांच्या 'फाउंडेशन' या विज्ञानकादंबऱ्या कोरल्या आहेत. गाडी सूर्याभोवती फेऱ्या मारते आहे, पुस्तकं तिच्यासोबत. वाचणारा मात्र कुणी नाही!

काचेत एक खोड आहे. एकदा लिहिलं की लिहिलं! खोडरबर चालत नाही. त्यामुळे रोजच्या गृहपाठाला ती कामाची नाही. जे कायम जपायचं, त्याच्यासाठीच ती.

काहींना तर काचही फार मोठी वाटते! नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये चक्क एकेक अणू इकडून तिकडे सरकवून मजकूर लिहिला. एक अणू, एक खूण! पण त्यासाठी सगळं शून्याखाली १९६ अंश एवढं गार ठेवावं लागलं. खिशात घालून फिरायची सोय नाही.

बरं, आता जवळ ये. खरी मौज पुढेच आहे.

जगातली सगळ्यात जुनी वही कुठे आहे, ठाऊक आहे? तुझ्याजवळ! तुझ्या नखाशी, नाकात, गालात, पोटात. तुझं शरीर ज्या बारीक पेशींचं बनलं आहे, त्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एक धागा असतो. त्याचं नाव डीएनए. एका पेशीतला धागा सरळ केला तर सुमारे २ मीटर भरेल. दारापेक्षा थोडाच बुटका! आणि एवढा धागा डोळ्यांना दिसतही नाही अशा ठिकाणी घड्या घालून बसवलेला.

हा धागा म्हणजे मण्यांची माळ समज. मणी चारच प्रकारचे. त्यांची नावं अॅडेनिन, सायटोसिन, ग्वानिन आणि थायमिन. आपण लाडानं म्हणू ए, सी, जी आणि टी. तुझे डोळे काळे की घारे, केस कुरळे की सरळ, असलं सगळं या चार मण्यांच्या क्रमात लिहिलेलं असतं. मणी किती? एका संचात ३ अब्जांच्या वर. असा एक संच आईकडून, एक बाबांकडून.

आणि चकित करणारी गोष्ट ऐक. असा एक संच कॉम्प्युटरच्या भाषेत मोजला तर भरतो फक्त ७५० मेगाबाइटच्या आसपास. म्हणजे तुझ्यासारखं बडबडं, उड्या मारणारं माणूस कसं घडवायचं, याची कृती एखाद्या सिनेमापेक्षा कमी जागेत मावते!

मग शास्त्रज्ञांना वाटलं, निसर्ग या माळेत माणूस लिहितो, तर आपण तिच्यात गाणी का लिहू नयेत?

लिहायचं कसं? सोपं आहे! हजेरीतल्या दोन-दोन खुणांना एक मणी द्यायचा. ०० आलं की ए. ०१ आलं की सी. १० आलं की जी. ११ आलं की टी. एवढंच.

करून बघू या? 'आ' हे अक्षर कॉम्प्युटर असं लिहितो: १११००००० १०१००१०० १००००११०. आता दोन-दोनचे गट पाडून मणी ओव. मिळेल टी-जी-ए-ए, जी-जी-सी-ए, जी-ए-सी-जी. 'ई'ची माळ आहे टी-जी-ए-ए, जी-जी-सी-ए, जी-ए-जी-ए. नीट बघ, फरक फक्त शेवटच्या दोन मण्यांचा! दोन्ही जोडल्या की २४ मण्यांत लिहिलं गेलं 'आई'.

थांब, तुझ्या मनात आलेला प्रश्न मला ऐकू आला! अशी माळ बनवली तर तिच्यातून एखादा विचित्र प्राणी बाहेर येईल का? अजिबात नाही. ही माळ प्रयोगशाळेत रसायनांपासून बनते. ती जिवंत नसते. ती ना खाते, ना वाढते, ना चावते.

इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ निक गोल्डमन आणि यूअन बर्नी या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये शेक्सपिअरची सगळी, म्हणजे १५४ सुनीतं डीएनएत लिहिली. सोबत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या प्रसिद्ध भाषणाचा २६ सेकंदांचा आवाजही. हे सगळं मावलं धुळीच्या कणाएवढ्या जागेत!

पण लांब माळ बनवणं कठीण. मधेच तुटते. म्हणून त्यांनी खूप छोटे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यावर त्याचा क्रमांक मण्यांनीच लिहिला. सुटी झालेली पानं आपण पानाचा नंबर बघून लावतो ना, तसं. एकेका तुकड्याच्या ढीगभर प्रती. चार हरवल्या तरी बिघडत नाही.

आणखी एक खोडी होती. एकच मणी ओळीनं तीन-चार वेळा आला की वाचणारं यंत्र गोंधळतं. किती होते? तीन की चार? म्हणून त्यांनी लिहिण्याची युक्तीच अशी केली, की सारखे मणी कधी शेजारी बसणारच नाहीत. वर्गात बडबड्या जोडीला वेगवेगळ्या बाकांवर बसवतात तसं! (वर आपण 'आई' लिहिताना हा नियम पाळला नाही. सापडल्या का त्या बडबड्या जोड्या?)

याच गोल्डमननी पुढे एक झकास कोडं घातलं. २१ जानेवारी २०१५ रोजी स्वित्झर्लंडमधल्या दाव्होस गावी त्यांनी लोकांना छोट्या नळ्या वाटल्या. प्रत्येक नळीत डीएनए. डीएनएत एका गुप्त तिजोरीची किल्ली. तिजोरीत एक बिटकॉइन, म्हणजे फक्त कॉम्प्युटरवर असणारं एक नाणं. मुदत बरोब्बर तीन वर्षं.

एक वर्ष गेलं. दुसरं गेलं. कुणालाच जमेना! अखेर मुदत संपायला काही दिवस उरले असताना बेल्जियममधल्या एका विद्यार्थ्यानं ते कोडं सोडवलं. त्याचं नाव सँडर वाइट्स. आणि तो एरवी कशाचा अभ्यास करत होता? गाजराच्या आंबवलेल्या रसातल्या जिवाणूंचा! दरम्यान त्या नाण्याची किंमत जवळजवळ पन्नासपट झाली होती. थांबल्याचा असा फायदा!

आता डीएनएत किती मावतं ते ऐक. यानिव्ह अर्लिख आणि डिना झिलिन्स्की या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये इतकं दाटीवाटीनं लिहून दाखवलं, की त्याच हिशेबानं एका ग्रॅममध्ये २१५ पेटाबाइट मावतील. पेटा कसलं पेटा, असं म्हणतोस का? मग असं समज. तुझ्या घरच्या फोनमध्ये १२८ गिगाबाइट जागा असेल, तर असे सुमारे १६ लाख ८० हजार फोन गच्च भरून जेवढं होईल, तेवढं सगळं एका-दोन शेंगदाण्यांच्या वजनात!

त्यांनी डीएनएत काय काय लिहिलं होतं, त्यात १८९५ सालचा एक इवलासा सिनेमाही होता. ल्युमिएर बंधूंचा. स्टेशनात आगगाडी येते, एवढंच त्यात घडतं. याच बंधूंच्या सिनेमांचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत, वॉटसन हॉटेलात झाला होता. भारतात सिनेमा पहिल्यांदा दिसला तो तिथेच, आणि त्या खेळातही एक आगगाडी आलीच होती.

बरं, डीएनए टिकतं का? खूप! अट एकच: थंड आणि कोरडी जागा. ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीत २० लाख वर्षांपूर्वीचं डीएनए सापडलं, आणि शास्त्रज्ञांनी ते वाचलंसुद्धा! ही बातमी २०२२ ची. त्यातून कळलं, की आज जिथे गोठलेली ओसाड जमीन आहे तिथे तेव्हा जंगल होतं आणि हत्तीचे नातेवाईक, मॅस्टोडॉन, हिंडत होते. २० लाख वर्षं! तेव्हा तुझ्या-माझ्यासारखी माणसंही नव्हती.

उष्ण आणि दमट हवेत मात्र डीएनए लवकर खराब होतं. कोकणातला पावसाळा त्याला मुळीच झेपणार नाही. त्यावर स्वित्झर्लंडच्या झ्युरिकमधले रॉबर्ट ग्रास यांनी उपाय काढला. डीएनए काचेच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत बंद करून टाकायचं. डिंकाच्या लाडवात डिंक दडतो तसं.

आणि मग या ग्रास आणि अर्लिख यांच्या गटानं २०१९ मध्ये जे केलं, ते मला सगळ्यात जास्त आवडतं. त्यांनी एक प्लास्टिकचा ससा छापला. थ्री-डी प्रिंटरवर. छापण्याआधी प्लास्टिकमध्ये त्या काचेच्या गोळ्या मिसळल्या. गोळ्यांतल्या डीएनएत काय लिहिलं होतं, सांग? तोच ससा कसा छापायचा त्याची कृती!

मग त्यांनी सशाचा एक बारीकसा तुकडा काढला. त्यातलं डीएनए वाचलं. कृती मिळाली. नवा ससा छापला, त्यातही तेच डीएनए. त्याचा तुकडा काढला, पुन्हा नवा ससा. अशा पाच पिढ्या झाल्या. सशाचा मुलगा, नातू, पणतू... सगळे प्लास्टिकचे!

'मग माझ्या फोनमध्ये डीएनए कधी येणार?' असं विचारतोस किंवा विचारतेस ना? इतक्यात नाही. कारण लिहिणं फार महाग आहे आणि फार सावकाश. अमेरिकेत मायक्रोसॉफ्ट आणि वॉशिंग्टन विद्यापीठानं २०१९ मध्ये एक यंत्र बनवलं. माणसानं हात न लावता त्यानं डीएनएत एक शब्द लिहिला आणि परत वाचून दाखवला. शब्द होता 'हॅलो'. इंग्रजी स्पेलिंगची पाच अक्षरं. वेळ किती लागला? २१ तास! फोनवर कुणी २१ तासांनी 'हॅलो' म्हटलं, तर समोरचा थांबेल का?

म्हणून फिरत्या चकत्या लगेच निवृत्त होणार नाहीत. त्याही हट्टी आहेत. आता एकेक डिस्क ३० टेराबाइटच्या पुढे गेली आहे. रोजचं काम फ्लॅश आणि चकत्या करतील. काच आणि डीएनए सांभाळतील ते, जे तुझ्या पणतूच्या पणतूनं बघावं असं वाटतं.

पण त्या पणतूला ते वाचता येईल का?

कॉम्प्युटरवर 'सेव्ह'चं चौकोनी चित्र असतं ना, ती खरी वस्तू होती. फ्लॉपी डिस्क. आज घरात फ्लॉपी सापडली, तरी ती घालायची कशात? नाणेघाटचा लेखही कित्येक शतकं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता, पण त्याची ब्राह्मी लिपीच लोक विसरून गेले होते! १८३७च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीचं कोडं सोडवलं, तेव्हा कुठे असले लेख पुन्हा बोलू लागले.

इथे डीएनएची बाजू मला भक्कम वाटते. फ्लॉपी वाचायचं यंत्र जग विसरलं. डीएनए वाचायचं यंत्र विसरणार नाही. कारण आजार ओळखायला, नवी औषधं शोधायला डॉक्टरांना ते लागणारच. जोवर माणसं आहेत, तोवर डीएनए वाचायची गरज आहे.

चल, वाचायची सुरुवात तूच कर. ही घे माझी छोटीशी लिपी. दोन-दोन मण्यांचं एक अक्षर:

ए-ए म्हणजे न. ए-सी म्हणजे व. ए-जी म्हणजे ल. ए-टी म्हणजे क. सी-ए म्हणजे म. सी-सी म्हणजे ग. सी-जी म्हणजे र. सी-टी म्हणजे ब.

आणि ही माळ: सी-ए-सी-सी-सी-जी.

हिच्यात एक प्राणी लपला आहे. पाण्यात असतो. दात भरपूर! कोण ते ओळख. आणि हो, ही माळ वाचताना यंत्र एका जागी हमखास गडबडेल. ती जागाही शोधून काढ. उत्तर पुढच्या अंकात!